सूट नको

"हे आत न्यायचं नाही. बाहेर ठेवा."

दारातल्या टेबलाशी बसलेल्या हुद्दार मॅडमनी माझ्या काखेतल्या पिशवीकडे पेन रोखलं. पिशवीत माझा की-बोर्ड होता. बार्शीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या तांबोळी सरांनी दिलेला, जुना, जड आणि खोलगट बटणांचा. त्याच्यावरची अक्षरं मी ब्लेडनं खरवडून काढली होती. बघणाऱ्याला तो मोडकाच वाटायचा.

"मॅडम, मला ह्याच्यावरच टाइप करायचंय."

"मशीनला की-बोर्ड आहे ना जोडलेला?"

"आहे, पण तो मला चालत नाही."

त्यांनी मान वर केली, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर कागदावर नेली. असं बघून नजर काढून घेणारी माणसं मला नऊ वर्षांची असल्यापासून ओळखीची आहेत. माझ्या डाव्या हाताला करंगळी नाही आणि तिच्या शेजारचं बोटही नाही. कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, सोलापूरची. मी तेवीस वर्षांची होते. एका सरकारी कार्यालयात लिपिक-टंकलेखकाच्या जागा निघाल्या होत्या. लेखी परीक्षेत मी गुणवत्ता यादीत चौथी आले होते. आता फक्त टायपिंगची चाचणी उरली होती. दहा मिनिटं, मराठी उतारा, मिनिटाला तीस शब्द.

माझ्याबरोबर माझा भाऊ आला होता. भगवानदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. दहावी अर्धी सोडून तो शेतात उतरला होता, म्हणजे मला शिकता यावं. अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी लग्नाचं नाव काढू द्यायचा नाही. "द्वारकीला नोकरी लागू द्या, मग बघू," असं तो पाहुण्यांना तोंडावर सांगायचा. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉरिडॉरमध्ये उभा होता, आणि परीक्षा त्याचीच असल्यासारखा घाम पुसत होता.

मॅडमनी माझा अर्ज वाचला. "तुम्ही की-बोर्डच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट? दोन्हींतला एक निवडायचा असतो."

"दोन्ही नको. माझा वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे?"

"मी बनवलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही जरा बेलसरे साहेबांना भेटा," त्या म्हणाल्या.

हे बनवणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी टायपिंग शिकायला लागले तेव्हा आधी टाइपरायटरवर बसले. रेमिंग्टनची ती बटणं करंगळीनं दाबायची म्हणजे धडधाकट माणसाची करंगळी दुखते, मला तर ती नव्हतीच. मग संगणक आला, इनस्क्रिप्ट आलं. त्यात व्यंजनं बरीचशी उजव्या हाताकडे, स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताकडे. मराठीत काना-मात्रा-वेलांटीवाचून शब्द हलत नाही, म्हणजे डाव्या हाताला उसंत नाही. आणि एक मात्रा, ओकार, अनुस्वार नेमके त्या दोन बोटांच्या वाट्याला, जी माझ्याजवळ नाहीत. राहिलेल्या बोटांनी तिकडे धाव घेत मी टाइप करायची. मनगट वाकडं व्हायचं, संध्याकाळी कोपरापर्यंत कळा यायच्या. वेग बाविसाच्या वर सरकत नव्हता.

तांबोळी सर म्हणाले, "बेटा, बोटं की-बोर्डकडे जात नसतील तर की-बोर्ड बोटांकडे आण."

त्यांच्या ओळखीच्या एका पोरानं नेट कॅफेत एक फुकटचा प्रोग्राम दाखवला. त्यात कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटावं ते आपण ठरवायचं. मग मी एक वही घेतली. महिनाभर रोजच्या पेपरातला अग्रलेख पुढ्यात ठेवून कुठलं अक्षर किती वेळा येतं त्याच्या रेघा ओढल्या. आई म्हणायची, ही पोरगी पेपर वाचते का मोजते? काना सगळ्यांच्या पुढे निघाला. त्याच्या मागे इतरांची रांग. जी रोज लागतात ती अक्षरं मी असलेल्या बोटांखाली आणली. मात्रा तर्जनीखाली घेतली, ओकार मधल्या बोटाला दिला, अनुस्वार उजव्या हाताकडे धाडला. ङ, ञ अशी सहा महिन्यांत एकदा लागणारी मंडळी डावीकडच्या ओसाड कोपऱ्यात नेऊन बसवली. दोन महिने नुसती अदलाबदल चालली होती. मग दीड वर्ष सराव. घरी, माझ्या की-बोर्डवर, माझा वेग अडतीस होता. मनगट सरळ राहायचं. हात दुखायचा नाही.

तो सगळा मांडलेला पट एका पेन ड्राइव्हमध्ये घेऊन मी सोलापूरला आले होते.

बेलसरे साहेब अधीक्षक होते. पन्नाशीचे, गोरटेले, आवाज मऊ. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी मला खुर्ची दिली, दादाला बोलावून त्यालाही दिली. पाणी मागवलं.

"तुम्ही एवढा त्रास कशाला घेता?" ते म्हणाले. "तुमच्याकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे ना? ते जोडा, आणि चाचणीतून सूट मागणारा चार ओळींचा अर्ज द्या. मी आज मंजूर करतो. लेखीत तुम्ही पास आहातच. पुढच्या महिन्यात हजर व्हा."

दादानं दोन्ही हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब."

"आणि काम काय देणार?" मी विचारलं.

"आवक-जावक. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, नोंद करायची. टायपिंगचा त्रासच नाही."

"मी टायपिंगच्या जागेसाठी अर्ज केलाय."

"पगार तोच आहे हो."

"पगाराचं नाही म्हणत मी. मला टायपिंग येतं. ज्याला येत नाही त्याला सूट द्या."

साहेब हसले. लहान मुलीकडे बघून हसावं तसं. दादानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

"नियमात दोनच की-बोर्ड आहेत," साहेब म्हणाले.

"जाहिरातीत नाहीत." मी पिशवीतून जाहिरातीचं कात्रण काढलं. "इथे लिहिलंय, मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला किमान तीस शब्द. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर पाहिजे ते नाही लिहिलं. तुम्ही कागदावरचे शब्द मोजणार का माझी बोटं?"

"द्वारके!" दादा म्हणाला.

"तुम्ही नाही म्हणत असाल तर नाही. पण तसं लेखी द्या. उमेदवाराला वेगळ्या की-बोर्डवर टाइप करू दिलं नाही, एवढंच लिहा आणि सही करा."

सरकारी माणसाला 'लेखी द्या' म्हटलं की त्याचा चेहरा कसा होतो ते आता मी आतून ओळखते. साहेबांचं हसू गेलं. त्यांनी हुद्दार मॅडमना आत बोलावलं, दोघं खिडकीशी उभे राहून बराच वेळ कुजबुजले.

शेवटी असं ठरलं की पेन ड्राइव्हमधला प्रोग्राम मशीनवर घालू द्यायचा, पण बाहेरचा की-बोर्ड जोडायचा नाही. आणि मी हमीपत्र लिहून द्यायचं की मी स्वतःच्या मर्जीनं सूट नाकारत आहे, आणि नापास झाले तर नंतर सूट मागणार नाही.

"नीट विचार करा," साहेब म्हणाले. "हे लिहून दिलंत की परतीचा रस्ता बंद."

दादा माझ्या कानाशी आला. "नको ना गं. तुझ्या पाया पडतो. चार ओळी लिही अन् मोकळी हो."

मी हमीपत्र लिहिलं. पानभर लिहिलं, आणि ठळक सही ठोकली.

हॉलमध्ये वीस मशीन होत्या. मला कोपऱ्यातली मिळाली. टेबल उंच होतं, खुर्ची बुटकी, हात खांद्याच्या रेषेत येत होते. मी खुर्चीवर माझी पिशवी घडी करून घातली तरी उंची पुरेना. की-बोर्ड नवा कोरा, चपटा. बटणं अशी की दाबलं का नाही ते बोटाला कळायचंच नाही. माझ्या की-बोर्डवर बटण खाली जाऊन ठक् असा आवाज येतो, तेव्हा बोट पुढच्या अक्षराकडे निघतं. इथे आवाजच नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली का आहे ते कळू नये, तसं झालं.

घंटी वाजली. उतारा पाणंद रस्त्यांवर होता. पहिली दोन मिनिटं मी चाचपडले. एक अक्षर दोनदा उमटायचं, दुसरं उमटायचंच नाही. शेजारचा मुलगा रेमिंग्टनवर खडखडखड चालला होता, बैलगाडी उतारावर सुटावी तसा. तिसऱ्या मिनिटाला माझी बोटं त्या बटणांना जरा सरावली. पाचव्या मिनिटाला मला लय सापडली. मग मी मान वर केली नाही. आठव्या-नवव्या मिनिटाला तर मी उड्या मारत होते. मला वाटलं, निघाले यातून.

घंटी वाजली तेव्हा उताऱ्याच्या शेवटच्या दोन ओळी बाकी होत्या.

तासाभरानं हुद्दार मॅडमनी यादी लावली. मी यादी वाचली, दादानं वाचली, मग मी परत वाचली. चुका वजा जाता माझा वेग अठ्ठावीस पूर्णांक सात. अनुत्तीर्ण.

दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

शिपाई येऊन म्हणाला, साहेबांनी दोघांना बोलावलंय.

बेलसरे साहेबांच्या पुढ्यात माझं हमीपत्र पडलं होतं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे मी अजून फाइलला लावलेलं नाही," ते म्हणाले. "मुली, मला तुझ्याएवढी मुलगी आहे. हे मी फाडतो. तू सूट मागणारा अर्ज लिही, सकाळची वेळ घाल. चाचणी दिलीच नाहीस असं होईल. मॅडमशी मी बोललोय."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं माझ्यापुढे कोरा कागद सरकवला, पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "लिही, बाय."

सकाळी नाही म्हणताना मला रग होती. मी पास होणार याची खात्री होती. आता तशी कुठलीच खात्री नव्हती. मी हरले होते, वीस जणांच्या देखत हरले होते, आणि समोरचा माणूस उपकार करत होता. मी त्या कागदाकडे बघितलं. अर्ज कसा लिहायचा ते मला माहीत होतं. 'मला लहानपणी झालेल्या अपघातामुळे', अशी सुरुवात करायची.

मी टोपण लावून पेन ठेवलं.

"नको, साहेब. मला मिनिटाला सव्वा शब्द कमी पडला. तेवढाच कमी पडला असं राहू द्या."

"अगं, पण..."

"तो कागद फाइलला लावा."

कचेरीच्या बाहेर चहाची टपरी होती, तिच्या मागे एक लांबट बाकडं. दादा त्याच्यावर जाऊन बसला. मी शेजारी बसले. चहा आला, त्यानं हातही लावला नाही.

"का?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. "मला एवढंच सांग. का? माझ्या जिवाला काय वाटत असंल ह्याचा कधी इचार केलास? तू त्या हातानं भाकरी थापतीस, मी बघतो. तू वेणी घालतीस, मी बघतो. चौदा वर्षं झाली, मी एक दिवस झोपलो न्हाई नीट. तुला नोकरी लागली असती तर वाटलं असतं, चला, थोडं फिटलं. तू सुटली असतीस अन् मीबी सुटलो असतो."

"म्हणूनच नको म्हणाले."

"म्हंजी?"

मला तेव्हा मागे फिरता आलं असतं. काहीतरी दुसरं बोलता आलं असतं. चौदा वर्षं मी तेच करत आले होते.

"दादा, त्या दिवशी तू मशीनचं चाक फिरवत होतास आणि मी कडबा सारत होते. तू काय म्हणाला होतास, आठवतंय?"

तो बाकड्याच्या कडेवर नख ओढत राहिला.

"तू म्हणालास, पेंढी संपत आली, आता हातानं ढकलू नको, काठी घे. दोनदा म्हणालास. काठी माझ्या पायाशी होती."

"मग?"

"मी घेतली नाही. मी खेळत होते. दोन पात्यांच्या मधे बोट आत घालून कडबा ओढणाऱ्या रुळाला शिवायचं आणि पातं यायच्या आत काढायचं. तू मान खाली घालून चाक फिरवत होतास, तुला दिसत नव्हतं. चार वेळा जमलं मला. पाचव्यांदा नाही जमलं."

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता. दादा माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत होते की नाही कोण जाणे.

"मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा आप्पांनी तुला आधीच मारलं होतं. तुझ्या पाठीवर वळ होते. तू सगळ्यांना सांगत होतास, माझ्याकडून झालं, माझ्याकडून झालं. मी घाबरले. म्हटलं उद्या सांगू. मग उद्या सांगू. मग तू शाळा सोडलीस. त्याच्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होते? तू माझ्यासाठी जेवढं करत गेलास तेवढं माझं तोंड बंद होत गेलं. आणि आता मी अपघाताच्या नावानं नोकरी घ्यायची? तुझ्या अंगावर ते आणखी तीस वर्षं ठेवायचं? मला तो कागद लिहिता येत नाही, दादा. मी नापास झाले ते माझ्या बोटांनी झाले. ते माझं आहे. त्या मशीनपाशी झालं तेही माझंच होतं."

चहावर साय धरली.

"चौदा वर्षं," तो म्हणाला.

"हो."

"मी आप्पाच्या डोळ्याला डोळा न्हाई दिला चौदा वर्षं."

तो उठला आणि स्टँडकडे चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. मी पिशवी घेऊन स्टँडवर पोचले तेव्हा बार्शीची गाडी निघून गेली होती. मी पुढच्या गाडीनं गेले.

घरी गेल्या गेल्या मी आप्पांना आणि आईला सगळं सांगितलं. दादानं सांगितलं नव्हतं. तो गोठ्यात होता. आप्पा ऐकून उठले, गोठ्याच्या दारापर्यंत गेले, तिथे उभे राहिले. आत गेले नाहीत. त्यांना ते जमायला आणखी महिना लागला.

दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला. ताटाला ताट लावून जेवायचो, पण शब्द नाही. आई मधे पडायला गेली तर तो ताटावरून उठून जायचा. मला ते सोसत नव्हतं, पण मी माफीही मागितली नाही दुसऱ्यांदा. पहिल्याच रात्री गोठ्याच्या दाराशी उभं राहून एकदा मागून झाली होती. त्याचा राग त्याच्या हक्काचा होता, त्यात माझी लुडबूड कशाला? मार्गशीर्षात त्यानं वैरागच्या स्थळाला होकार दिला. लग्नात मी करवली म्हणून मिरवले आणि तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

मी मात्र तांबोळी सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये रोज दोन तास बसत होते. आता मुद्दाम वाईट की-बोर्डवर. चपटे, अडकणारे, उंच टेबलावरचे, सगळ्यांवर बसले. अक्षरांच्या जागा मात्र माझ्याच. त्या मी कुणासाठी हलवल्या नाहीत.

अकरा महिन्यांनी लातूरला दुसऱ्या एका कार्यालयाची चाचणी होती. तिथल्या साहेबांना मी आधीच कात्रण दाखवायला लागले, तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही पायानं टाइप करा, मला तीस शब्द हवेत. पुढचा कोण?" एवढंच. मला तर भांडायची तयारी वाया गेल्यासारखं वाटलं.

निकाल त्याच दिवशी लागला. बाहेर रस्त्यावर येऊन मी घरी फोन लावला. आई उचलेल असं वाटलं होतं. उचलला दादानं.

"लागला निकाल?" तो म्हणाला. अकरा महिन्यांतले पहिले दोन शब्द.

"लागला."

"किती?"

"चौतीस. पास झाले."

"अन् चुका?"

"सतरा."

"सतरा?" तो ओरडला. "सतरा कशा झाल्या? एवढं वरीसभर त्या सरांच्या डोक्यावर बसून काय केलंस? ध्यान कुठं असतंय तुझं? दहा मिनटं एका जागी नीट बसता येत न्हाई तुला, ल्हानपणापासनं हेच, सांगितलेलं म्हणून ऐकायचं न्हाई..."

नऊ वर्षांची होते तेव्हापासून दादा माझ्यावर कधी ओरडला नव्हता. मी परीक्षेत कमी पडले, त्याची सायकल मोडली, आईशी उलट बोलले, तरी कधी नाही. मी त्याला घाबरून वागावं अशी स्वतःची पायरीच त्यानं ठेवली नव्हती. आणि आता तो लातूरच्या भर रस्त्यात माझ्या कानाशी गरजत होता, आणि जवळून जाणारी माणसं माझ्याकडे वळून बघत होती.

"एवढं वाटतंय तर ये की तू टाइप करायला!" मीही ओरडले. "एक ओळ करून दाखव! इनस्क्रिप्ट का काय ते माहीत तरी आहे का तुला?"

"मला नको शिकवू! मी असतो तर एक चूक झाली नसती!"

"चाक फिरवण्याएवढं सोपं नाही ते!"

बोलून गेले आणि जीभ चावली.

"व्हय," तो म्हणाला, "अन् चाक फिरवणाऱ्याचं ऐकलं असतंस तर दहा बोटांनी केलं असतंस!"

आणि आम्ही भांडलो. फोनमधला बॅलन्स संपेपर्यंत भांडलो.